आत्यांनी मिश्री सोडली

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. गुंजवण्याच्या बाजूचं त्यांचं शेत धरणात गेलं, तेव्हा मुलाला काखेत घेऊन त्या किकवीला आल्या आणि मिळेल ते काम करत उभ्या राहिल्या. रडत बसलेलं त्यांना कुणी पाहिलं नाही. मी मात्र रडकी.

काही वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी पुण्याला जावं लागायचं. नवरा कामावर, म्हणून सोबत आत्याच यायच्या. एसटीत खिडकीशी बसून मोठ्यानं भजन म्हणायच्या. कंडक्टर म्हणायचा, "आजी, हळू." त्या म्हणायच्या, "तुमी तिकिटं फाडा की, तुमाला कोन अडवतंय?"

एकदा परत येताना मी बसथांब्यावरच बसकण मारली. म्हटलं, "आत्या, मला आता नको हे. पुढच्या वेळी मी जाणार नाही."

"बरं, नगं जाऊ," त्या म्हणाल्या. "पर आदी घरी चल, भाकरी खा. मग नगं जाऊ."

घरी मी खरंच जेवले. जेवल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अंगणात कुणाशी तरी बोलावं तशी प्रभूजवळ प्रार्थना केली. "बाबा, तुलाबी तो क्रूस एकट्याला पेलला न्हाई. वाटंत एक मानूस आला आन् त्यानं खांदा दिला. हिच्यासाटी म्या हाय की."

मला वाटलं, त्या धीर देताहेत. दुसऱ्या दिवशी कळलं की त्या आपली किडनी मला देण्याबद्दल बोलत होत्या. नवऱ्याला साखरेचा आजार, माझे आई-वडील कधीच गेलेले. आत्यांचा रक्तगट जुळला. बाकीच्या तपासण्याही चांगल्या निघाल्या. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, तंबाखू खाता?"

"छ्या! नुसती मिश्री लावते."

"मिश्री म्हणजे तंबाखूच. बंद करावी लागेल."

आत्यांचा चेहरा पहिल्यांदा पडला. किडनी द्यायला त्या एका पायावर तयार होत्या, पण मिश्री! योगायोगानं ईस्टरआधीचा आमचा उपवासकाळ चालू होता. येताना एसटीत त्या नसरापूर आल्यावर म्हणाल्या, "दरसाली म्या या दिसांत मटान सोडते. यंदा ही सोडते. पर मटान सोपं व्हतं गं."

पुढचे आठवडे आमच्या घरी कुणाची धडगत नव्हती. आत्या कोंबड्यांवर ओरडायच्या, माझ्या नवऱ्यावर ओरडायच्या, मग बडीशेप चावत ओट्यावर बसायच्या. शेजारच्या मावशी त्यांच्या रोजच्या मिश्रीच्या जोडीदारीण. त्या देवाला नारळ वाहणाऱ्या, आमच्या उपासाशी त्यांचा काय संबंध? पण त्यांनीही डबी बंद केली. म्हणाल्या, "ही एकटी किती चिडचिड करील? निम्मी मी करते."

सासूनं सुनेला किडनी द्यायची तर परवानगीसाठी समितीपुढं जावं लागतं. तिथं साहेबांनी आत्यांना विचारलं, "तुमच्यावर कुणी जबरदस्ती केली का?"

"माज्यावर? घरात जबरदस्ती करनारी मीच हाय."

"मग का देताय?"

आत्यांनी पदर सावरला. "आमच्या प्रभूनं आख्खा जीव दिला, सायेब. माज्याकडं दोन हायेत, त्यातली एक देतीया. लई मोटं काय न्हाई त्यात."

साहेबांनी हसू लपवायला पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

ईस्टर झाल्यावर ऑपरेशन ठरलं. सकाळी आम्हा दोघींना शेजारी-शेजारी स्ट्रेचरवर झोपवलं. आत्यांनी माझा हात धरला. "भ्यालीस?"

"हो."

"म्याबी," त्या म्हणाल्या. त्या घाबरलेल्या मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि घाबरूनही त्यांनी हात सोडला नव्हता. माझी भीती तिथंच कमी झाली.

मी शुद्धीवर आल्यावर नर्सनं त्यांचा निरोप आणला : "तिला सांगा, माझी किडनी पहाटं उठनारी हाय, उशिरापातूर झोपू नगं."

आता मी बरी आहे. गोळ्या चालू आहेत, शिलाईचं कामही. रविवारी आम्ही दोघी भोरला उपासनेला जातो. तिथं लोक आत्यांच्या त्यागाबद्दल बोलायला लागले की त्या वैतागतात, "सून पडली तर भांडी मला घासावी लागत्यात," म्हणून विषय बदलतात. परवा उपासना सुटल्यावर एसटी लागलेली दिसली म्हणून मी भराभर पुढं निघाले, तर मागून हाक आली, "अगं, माझी किडनी घिऊन पळतीस व्हय? गुडघं हितं माज्याकडंच ऱ्हायल्यात!"