बाजाराच्या दिवशीचं विमान

मी आजवर खऱ्या विमानात बसलेले नाही, हे आधीच सांगून टाकते. हवेत जाण्याचा माझा सगळा अनुभव भूमहून सोनारीच्या देवळाला जाणाऱ्या जीपच्या मागच्या बाकड्यावरचा आहे, आणि तो भरपूर आहे. तरीही मागच्या हिवाळ्याच्या अखेरीस मी विमान कंपनी निवडायला बसले होते. कंपन्या माणसं निवडतात असं ऐकून होते. मी घरबसल्या कंपन्यांना नाकं मुरडत होते.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझा टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास चालतो. लॉकडाऊनमध्ये क्लास बंद पडला, कॉम्प्युटर धूळ खात बसले, तेव्हा त्यातल्या त्यात दमदार कॉम्प्युटरवर मी विमान चालवण्याचा सिम्युलेटर टाकला. वाटलं, महिनाभर खेळू आणि सोडून देऊ. पुढे क्लास सुरू झाला, विद्यार्थी आले, पण माझं विमान काही उतरलं नाही. जॉयस्टिक आली, हेडफोन आले, आणि मी सोलापूरहून पुण्याला, पुण्याहून गोव्याला एकटीच हिंडू लागले.

मग कळलं की माझ्यासारख्या रिकामटेकड्यांच्या कंपन्याही असतात. व्हर्च्युअल एअरलाइन म्हणतात त्यांना. एकही विमान नाही, एकही प्रवासी नाही, पण वेळापत्रक आहे, नियम आहेत, हुद्दे आहेत, आणि तुम्ही घरी बसून केलेलं प्रत्येक उड्डाण नोंदवून घेणारा एक प्रोग्राम आहे. मी नवऱ्याला हे उत्साहानं सांगितलं. त्याचं पाइपांचं आणि मोटारींचं दुकान आहे, त्यामुळे तो प्रत्येक गोष्टीचं आधी वजन करून बघतो.

"पगार किती?" त्यानं विचारलं.

"पगार नसतो."

"सुट्टी?"

"अर्ज केला तर मिळते."

"म्हंजी फुकटात राबायचं, अन् वरून अर्ज करायचा," तो म्हणाला. "असली नोकरी कोण करतंय?"

असल्या नोकरीचा मला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनचा अनुभव होता, फक्त तिथं सुट्टीच्या अर्जाची सोय नव्हती.

आता अडचण सांगते. आमचं घर एसटी स्टँडला लागून आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतले सगळे सोयरे भूमला येतात, आणि भूमला आलेला सोयरा आमच्या घरी पिशव्या ठेवल्याशिवाय बाजारात शिरत नाही. येताना पिशवी ठेवायची, जाताना उचलायची, आणि दोन्ही वेळा चहा. सासूबाईंचा नियमच आहे, आल्या माणसाला कोरडं पाठवायचं नाही. त्यांना मी आत्या म्हणते. नियम आत्यांचा, चहा माझा. त्यात बाजाराच्या दिवशी पोरं येत नाहीत म्हणून क्लासला सुट्टी, म्हणजे आठवड्यात मला मोकळा मिळणारा एकुलता एक दिवस हाच. आणि कॉम्प्युटर ज्या खोलीत आहे, तीच खोली ओलांडून पाहुणे घरात येतात. विमानतळ म्हणाल तर तीच, रस्ता म्हणाल तर तीच.

तर कंपनी निवडताना मला हुद्दा, विमानांचे रंग, त्यांचे प्रकार यातलं काही बघायचं नव्हतं. एकच बघायचं होतं: उडता उडता विमान मध्येच थांबवून चहा करून आलं, तर चालतं का?

पहिली कंपनी युरोपातली होती. नियमांचं पान वाचतानाच मला धाप लागली. परीक्षा, तोंडी परीक्षा, रेडिओवर बोलण्याची पद्धत, आणि पॉजचं बटण दाबलं की उड्डाण बाद. शिवाय महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून उडायचं, ते त्यांच्या दुपारी. त्यांची दुपार म्हणजे आमची संध्याकाळच्या भाकरीची वेळ. तवा तापलेला असताना मी फ्रँकफर्टच्या आकाशात रांगेत उभी राहू शकत नव्हते. त्या लोकांना भाकरी थापावी लागत नाही, म्हणून त्यांच्या कंपन्या वेळेवर उडतात.

दुसरी आपल्याच देशातली. मी अर्ज भरताच तिनं मला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात घेतलं. ग्रुपात अध्यक्ष होते, दोन उपाध्यक्ष होते, आणि ज्या कंपनीकडे छदाम नाही तिचे खजिनदारसुद्धा होते. विमानांबद्दल कुणी फारसं बोलत नव्हतं. सकाळी फुलांचे फोटो यायचे, दुपारी मुख्य वैमानिक कोण यावरून भांडण व्हायचं, संध्याकाळी कुणीतरी रागावून ग्रुप सोडायचं आणि जेवून परत यायचं. मी बाई आहे हे कळल्यावर एका उपाध्यक्षांनी फार आदरानं लिहिलं, "ताई, तुम्हाला केबिन क्रूमध्ये घेऊ." सिम्युलेटरमध्ये केबिन क्रू नसतो. प्रवासीच नसतात. म्हणजे हवेत, तेही खोट्या, नसलेल्या माणसांना मी चहा द्यावा अशी त्यांची योजना होती. त्या दिवशी मी ग्रुप सोडला आणि जेवूनही परत गेले नाही.

तिसरी कंपनी अगदी लहान होती. जगात इकडे तिकडे विखुरलेली, बहुतेक वय झालेली मंडळी, पंख्यांची जुनी विमानं, आणि मालवाहतूक. कुठूनही उडा, कुठंही उतरा, वाटेल तेव्हा थांबा, असं त्यांनी लिहिलं होतं. अट एकच होती. प्रवेशाचं पहिलं उड्डाण तासाभराहून मोठं असावं आणि ते मध्ये न थांबवता पूर्ण करावं. प्रयत्न तीन. तिन्ही फसले तर वर्षभर अर्ज नाही. म्हणजे पुढं वाटेल तितके चहा करा, पण एकदा, एकदाच, सलग बसून दाखवा.

अर्जात शेवटी विचारलं होतं: तुम्हाला का उडायचं आहे? मी आधी लहानपणीचं आकाश, ढग, स्वप्नं असलं बरंच लिहिलं. वाचून माझं मलाच हसू आलं. सगळं पुसलं आणि लिहिलं, "तासभर मला कुणी हाक मारू नये म्हणून." दुसऱ्या दिवशी कंपनीच्या प्रमुखाचं उत्तर आलं. "आमच्यातल्या बहुतेकांचं कारण हेच आहे," त्यानं लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं. मला ही कंपनी हवी होती. इतकी हवी होती की माझी मलाच लाज वाटली.

सोलापूर ते हैदराबाद असा मार्ग मी घेतला. ओळखीचा मुलूख, वाट चुकायची भीती नाही. बाजाराचा दिवस उजाडला, मी भराभर कामं उरकली आणि विमान वर काढलं. नळदुर्ग खाली आलं. सिम्युलेटरमध्ये तिथला किल्ला म्हणजे एक तपकिरी डाग आणि हमरस्ता म्हणजे करडी रेघ, ढाबे तर नाहीतच. तरी मला फार बरं वाटत होतं. तेवढ्यात दारातून मावशी आल्या. मावशी म्हणजे आत्यांची धाकटी बहीण, हातात मेथीच्या दोन जुड्या.

"का गं, टीव्ही बघायलीस व्हय?" त्या म्हणाल्या. "ऊन लई हाय. पाणी दे आधी, मग चहा टाक."

माझा हात आपोआप पॉजवर गेला. मी ठरवलं नव्हतं, हातानंच ठरवलं. पाणी दिलं, चहा दिला, परत आले तर पडद्यावर सूचना होती: उड्डाण बाद.

दुसऱ्या वेळी मी शहाणी झाले. चहा करून थर्मासात भरला, कप मांडून ठेवले, पॉजच्या बटणावर चिकटपट्टी लावली. उड्डाण उत्तम झालं. हैदराबादची धावपट्टी समोर दिसू लागली, मी उंची कमी करत आणली, आणि माझे चुलत सासरे खोलीत आले. वडीलधारं माणूस. मी उठले, पदर सावरला आणि पाया पडायला वाकले. हेडफोन कानावरच होते. त्यांची वायर जॉयस्टिकला अडकली, जॉयस्टिक पुढे ओढली गेली, आणि माझ्यासोबत विमानानंही जमिनीवर डोकं टेकलं.

"औक्षवंत व्हा," सासरे म्हणाले. मागे स्फोटाचा आवाज झाला.

ते चहा पिऊन गेल्यावर मी खुर्चीत तशीच बसून राहिले. मला रडू आलं, आणि खेळण्यातल्या विमानापायी रडू येतंय याचा संतापही आला. आत्या कोपऱ्यात ज्वारी निवडत होत्या. त्यांनी आजवर माझ्या विमानाबद्दल एक शब्द काढला नव्हता.

"पडलं?" त्या म्हणाल्या.

"पडलं."

"माणसं व्हती का आत?"

"नव्हती. माल होता."

"मग ठीक हाय." त्यांनी सुपातले खडे बाजूला काढले. "अजून किती डाव हायेत?"

"एक," मी म्हणाले. "आणि तोही गेला तर वर्षभर घेणार नाहीत मला. तासभर सलग बसता आलं पाहिजे, आत्या. एवढंच मागतात ते. आणि या घरात तेवढंच होत नाही."

मी हे जरा जास्तच जोरात बोलले. आत्यांनी सूप आपटलं आणि त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, झालं, आता संध्याकाळपर्यंत भांडी वाजतील.

पुढच्या बाजारी मी विमान सुरू केलं तेव्हा मागे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आत्यांनी क्लासची एक खुर्ची बाहेर पायरीवर नेली आणि दार निम्मं लोटून घेऊन त्या दारात बसल्या. मी हेडफोन एका कानावरून सरकवला. थोड्या वेळानं मावशींचा आवाज आला.

"सूनबाई कुठंय?"

"कामावर गेलीय," आत्या म्हणाल्या.

"आत दिसायलीय की!"

"दिसंना का. हैदराबादच्या वाटंला हाय ती. मधी उठता येत न्हाय."

"मग चहा?"

इथं माझे कान टवकारले. खाली नळदुर्ग होतं, पण मी बघितलंच नाही.

"स्टँडवर मिळतोय," आत्या म्हणाल्या. "पिशवी ठिव हितं."

मी लग्न होऊन या घरात आल्यापासून असलं वाक्य या दारात कुणी बोललं नव्हतं. मावशी गेल्या नाहीतच, पायरीवर टेकल्या. पाठोपाठ आणखी कुणी आलं, मग आणखी कुणी, आणि प्रत्येकाला आत्यांनी तेच ऐकवलं. चुलत सासरे आले तेव्हा मी कासावीस झाले, पण आत्यांनी बाहेरच सांगितलं, "पाया पडायचं राहू द्या भावजी. मागल्या टायमाला तुमच्या आशीर्वादानं इमान पडलंय." हैदराबाद आलं. मी चाकं सोडली, नको तितक्या जोरात आपटले, एकदा उसळले, पण उतरले. पडद्यावर हिरवी खूण आली.

आत्या आत आल्या. "उतरलं?"

"उतरलं. घेतलं मला."

मी उठून स्वयंपाकघराकडे निघाले. बाहेर पायरीवर अख्खा गोतावळा चहावाचून बसला होता आणि मला आता त्यांची कीव येत होती. आत्या मात्र माझ्या मोकळ्या झालेल्या खुर्चीकडे बघत होत्या. त्यांनी एकदा तिच्या पाठीवर हात ठेवून बघितला.

"पुढल्या बाजारी मला बसव यात," त्या म्हणाल्या.

"चालवायला?"

"चालवायचं न्हाय. नुसतं बसायचं. सोनारीवरनं फिरवून आण."

पुढच्या बाजारी मी विमान वर नेऊन सरळ रेषेत सोडून दिलं, ते आपलं आपण उडत राहील अशी व्यवस्था केली, आणि आत्यांच्या कानाला हेडफोन लावले. सोनारी आली. सिम्युलेटरमध्ये ती म्हणजे नुसतीच शेतं.

"देऊळ कुठंय?" त्यांनी विचारलं.

"यात दिसत नाही, आत्या."

"बरंय," त्या म्हणाल्या. "दिसलं असतं तर तिथं बी कुणी वळखीचं भेटलं असतं. आता तू हिथं काय करायलीस? दारात कोण बसणार?"

मी खुर्ची उचलून पायरीवर गेले आणि दार निम्मं लोटून घेतलं. ऊन चढत होतं. स्टँडच्या बाजूनं मावशी आल्या, या वेळी पिशव्या तीन होत्या.

"आक्का कुठंय?" त्यांनी घाम पुसत विचारलं.

"कामावर गेल्यात," मी म्हणाले. "चहा स्टँडवर."