साडेसदतीस दातांचं चाक

सदतीस दातांचं चाक लावलं की कापड घट्ट येत होतं. अडतीसचं लावलं की सैल. सकाळपासून मी ही दोन चाकं काढत-घालत होतो. हात काळे झाले होते आणि डोकं तापलं होतं.

आधी चाकाचं सांगतो. लूमवर आडवा धागा टाकला की कापड थोडं पुढं सरकतं. किती सरकायचं ते सोबतच्या चाकाला जोडलेलं एक दातेरी चाक ठरवतं. त्याचे दात वाढले की धागे दूर-दूर पडतात, कमी झाले की जवळ-जवळ. इंचात किती धागे हवेत ते व्यापारी सांगतो. ते बराबर आणून देणं हे जॉबरचं काम. जॉबर म्हणजे लूम दुरुस्त करणारा आणि विणकरांवर नजर ठेवणारा माणूस. मी जॉबर होतो, बुऱ्हाणपुरातल्या एका गिरणीत. शिक्षण चौथी. तीही पुरी म्हणावी की नाही, यावर घरात दोन मतं होती.

आमची पद्धत सीधी होती. चाक लावायचं, बोटभर कापड काढायचं, भिंगानं धागे मोजायचे. नाही जमलं तर दुसरं चाक. माझ्या उस्तादानं असंच केलं, मीही असंच केलं, आणि माझ्या लूमचं कापड कधी परत आलं नव्हतं. पण ही ऑर्डर बाहेरची होती. अर्धा धागासुद्धा इकडचा तिकडं चालत नव्हता.

वीव्हिंग मास्तर माझ्या मागं येऊन उभे राहिले. नवीन होते, इंदूरकडचे. विणाईच्या सगळ्या खात्याचे मालक म्हणा ना.

"गणपतजी, अब कौनसा चक्का?"

"मधलं शोधतोय साहेब."

"सदतीस आणि अडतीसच्या मधलं?"

शेजारच्या लाईनीत माझा मेहुणा सुदाम जॉबर होता. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. मीच त्याला दापोऱ्याहून आणून गिरणीत चिकटवला होता. तो मॅट्रिकपर्यंत गेला होता आणि तिथं आपटला होता. त्यानं खिशातून पेन्सिल काढली, हाताशी असलेल्या कागदावर काहीतरी खरडलं आणि म्हणाला, "दाजी, मधलं नाही मिळायचं. साडेसदतीस येतंय. अर्धा दात कोण बसवणार? सोबतचं चाक दुप्पट दातांचं घाला, मग हे पंचाहत्तरचं लागेल. पंचाहत्तरचं आहे आपल्याकडं."

लाईनीतले सगळे हसले. मी घातलं. कापड बराबर आलं. मग जास्तच हसले.

मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "गणपतजी, लूम आपकी बात सुनता है, मानता हूँ. पर नया सेक्शन आ रहा है. वहाँ चक्का लगाके देखने का टाइम नहीं मिलेगा." नव्या लूमच्या सेक्शनला एक हेड जॉबर नेमायचा होता. गिरणीनं राजपुऱ्यातल्या एका शाळेत संध्याकाळचा बीजगणिताचा वर्ग ठरवला होता. जो जॉबर परीक्षा पास होईल तो हेड जॉबर. बाकीचे त्याच्या हाताखाली.

वर्गात नाव फक्त दोन जॉबरांनी दिलं. मी आणि सुदाम. बाकीचे विणकर होते.

मतलब सरळ होता. मी नापास झालो तर बायकोच्या धाकट्या भावाच्या हाताखाली काम करायचं. पंगतीत ज्यानं माझ्यानंतर बसायचं, त्यानं मला चाक बदलायला सांगायचं. मी घरी सांगितलं, "असं होणार नाही." बायको म्हणाली, "कुणीतरी तर पास होईल. माझ्याच घरचं होईल." ती कुणाच्या बाजूनं होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

वर्गाचे बाक पोरांचे. गुडघे हनुवटीला लागायचे. शिकवायला एक बाई होत्या, विशी-बाविशीच्या. आम्ही सगळे पोराबाळांचे बाप, म्हणून बाईंचे वडील दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे. तेही रिटायर मास्तरच. आमचं गाव तेव्हा नागपूरच्या राज्यातून भोपाळच्या राज्यात आलं होतं. पुस्तक हिंदीत होतं, बाई मराठीत समजावायच्या, आणि विणकर एकमेकांना तिसऱ्याच भाषेत विचारायचे.

पहिल्याच दिवशी बाईंनी फळ्यावर 'क्ष' काढला. म्हणाल्या, "जे माहीत नाही, त्याला क्ष म्हणायचं."

मी हात वर केला. "बाई, ज्याचा पत्ता नाही त्याला नाव कशाला?"

"गणपतभाऊ, तुमच्या घरी बाळ झालं, तर बारशापर्यंत त्याला काय म्हणता?"

"बाळ म्हणतो."

"नाव माहीत नाही म्हणून त्याला उपाशी ठेवता का? आंघोळ घालत नाही का?"

"घालतो."

"मग क्ष म्हणजे तेच बाळ. त्याचं सगळं करायचं. उत्तर निघालं की बारसं."

सुदाम मागून म्हणाला, "दाजी, पाळणा विकत आणा." मी वळून पाहिलं नाही. पण बाईंचं म्हणणं पटलं.

दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा अडलो. फळ्यावर होतं, क्ष अधिक पाच बराबर बारा. बाई म्हणाल्या, "पाच पलीकडे नेले की वजा होतात."

"का?"

"नियम आहे."

"वाटेत त्यांना काय होतं, बाई? इकडून अधिक निघाले, तिकडं वजा होऊन पोचले. मधी नदी आहे का?"

वर्ग हसला. बाईंना राग आला असावा. त्यांनी तोच नियम पुन्हा सांगितला, जरा मोठ्यानं. मी म्हटलं, नियम मी पाळतो, पण आधी मला तो दिसला पाहिजे. नाहीतर मी इथंच बसतो. दारातला पेपर खाली आला. वडील म्हणाले, "त्यांना पलीकडे नेऊ नकोस. दोन्हीकडून काढायला सांग."

बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "बरं. डावीकडून पाच काढा. उजवीकडूनही पाच काढा. काय राहिलं?"

इथं माझ्या डोक्यात दिवा लागला. लूमच्या मागं बीम असतो, उभ्या धाग्यांचा मोठा रूळ. धागे ताणलेले राहावेत म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना वजनं लटकवलेली असतात. एका टोकाचं वजन काढलं आणि दुसरं तसंच ठेवलं, तर कापड एका बाजूला ढिलं पडतं. इकडून जितकं काढाल तितकंच तिकडून काढायचं. हे मी वीस वर्षं करत होतो.

"मतलब बीमची वजनं," मी म्हणालो.

"बीम काय ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या, "पण तुमचा चेहरा बघता तेच असणार."

त्यानंतर मी कधीच काही पलीकडे नेलं नाही. दर वेळी दोन्हीकडून काढलं. सुदामचं गणित चार ओळींत व्हायचं, माझं आठ. तो म्हणायचा, "दाजी, कागद संपेल." मी म्हणायचो, "कापड ढिलं तर पडणार नाही."

परीक्षेला मी अंगात परीटघडीचा सदरा घालून गेलो. पेपर हातात आला आणि मला हसू आलं. सगळं येत होतं. पहिले प्रश्न भराभर सुटले. मग दुधाचा प्रश्न आला. एका भांड्यात काही शेर दूध आहे, त्याच्या दुपटीत तीन शेर मिळवले तर दहा होतात, तर भांड्यात दूध किती? दोन्हीकडून तीन काढले. दोन्हीकडं निम्मं केलं. आले साडेतीन.

मी थांबलो. साडेसदतीसचा दिवस आठवला. अख्ख्या लाईनीचं हसणं आठवलं. मनात म्हटलं, गणपत, हा सापळा आहे. एकदा फसलास, आता नाही. साडेतीनवर काट मारली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'असं चाक मिळत नाही.'

पुढं चांदनी गावाहून पायी निघालेल्या माणसाचा प्रश्न होता, त्याला किती तास लागले. आले सव्वादोन. तिथंही काट मारली, तेच लिहिलं. असे आणखी दोन प्रश्न निघाले. पेपर काढणारा मोठा बिलंदर दिसतो, असं मला वाटलं. बाहेर येऊन सुदामला म्हणालो, "त्यांनी चार ठिकाणी फसवायला बघितलं. मी एकातही सापडलो नाही."

"कुठं फसवलं, दाजी?"

"कळेल तुला निकालाला."

निकालाला मलाच कळलं. सुदाम पास, मी नापास, थोडक्या मार्कांनी. पेपर दुसऱ्या शाळेच्या हेडमास्तरांनी तपासले होते. दुधाच्या प्रश्नापुढं लाल शाईनं लिहिलं होतं, 'पूछा दूध था, विद्यार्थी चक्का ढूँढ रहा है.' बाईंनी ते वाचलं आणि पदर तोंडाला लावला. दारातला पेपरही हलायला लागला.

"गणपतभाऊ," बाई म्हणाल्या, "तुम्हाला पावकी येते?"

"पावकी, निमकी, दिडकी, पाव-अर्ध्याचे सगळे पाढे पाठ."

"आणि साडेतीन शेर दुधाला घाबरलात? चाकाला अर्धा दात नसतो. दुधाला अर्धा शेर असतो."

 

सुदाम हेड जॉबर झाला. नव्या सेक्शनला मला त्याच्या हाताखाली दिलं. पहिल्या दिवशी तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "दाजी, जरा त्या कोपऱ्यातल्या लूमकडं बघता का?"

"बघतो, साहेब," मी म्हणालो. मोठ्यानं.

लाईनीत सगळ्यांनी माना वळवल्या. सुदाम लाल झाला. "असं नका म्हणू दाजी."

"बराबर आहे, साहेब."

दिवसभर मी त्याला साहेब म्हटलं. दुसऱ्या दिवशीही. आठवड्यात तो माझ्या लाईनीत यायचाच बंद झाला. काही सांगायचं असलं की विणकराबरोबर निरोप धाडायचा. शेवटी घरी येऊन बहिणीजवळ रडगाणं गायला.

बायको म्हणाली, "माझ्या भावाला चिडवता?"

"तुझा भाऊ घरी. खात्यात साहेब."

"मग आज साहेबाकडंच जेवा."

त्या संध्याकाळी मी खरंच सुदामकडं जेवलो. तो वाढताना म्हणाला, "दाजी, पास व्हा हो एकदाचे. मला ते ऐकवत नाही. रविवारी मी शिकवतो तुम्हाला."

"तुझी बहीण मागून आणली तेवढी पुरे," मी म्हणालो. "गणित मागणार नाही. भाकरी वाढ."

गणित मी बाईंकडंच मागितलं. नवीन वर्ग सुरू झाला तेव्हा पहिल्या बाकावर जाऊन बसलो. बाईंनी पाहिलं. "पुन्हा?" "पुन्हा." त्यांनी मला एकच शिस्त लावली. उत्तर आलं की त्याच्यापुढं लिहायचं, कशाचं आहे. शेर, तास, माणसं, दात. ते लिहिल्याशिवाय काट मारायची नाही. मी ते वर्षभर पाळलं. घरी बायकोनं विचारलं, किती भाकऱ्या टाकू, तर मी 'अडीच भाकऱ्या' असं पूर्ण सांगायचो. ती म्हणायची, "अडीच काय, मला वाटलं अडीच लूम."

दुसऱ्या परीक्षेत दूध नव्हतं. केळी होती. एका गाडीत चाळीस घड मावतात, एकशेऐंशी घड मंडीत न्यायचे, एकाच खेपेला, तर गाड्या किती लागतील? क्ष मांडला. दोन्हीकडं चाळिसानं भागलं. आलं साडेचार. हात काट मारायला उचलला होता. मग शिस्त आठवली. पुढं लिहिलं, 'गाड्या'. आणि लिहिलं की साडेचार गाड्या, पण अर्धी गाडी बैल ओढत नाही, म्हणून पाच लागतील, पाचवी अर्धी रिकामी जाईल.

निकाल आला. पास. बाईंनी सांगितलं की केळ्यांच्या प्रश्नाला पूर्ण मार्क दिलेत, आणि शाई यंदा लाल नाही, निळी आहे. सुदामला प्रश्न सांगितला तर तो म्हणाला, "मी साडेचार लिहून मोकळा झालो असतो."

तोवर नवा सेक्शन दोन पाळ्यांत चालायला लागला होता. दुसऱ्या पाळीचा हेड जॉबर मला केलं. मास्तर म्हणाले, "गणपतजी, अब चक्का?" मी म्हटलं, "पहले कागज, साहेब. चक्का बाद में." सुदाम पाळी सोडताना रोज मला खातं हवाली करायचा. पहिल्या दिवशी, मी आता साहेब म्हणतो का, याची त्यानं दाराशी उभं राहून वाट पाहिली. मी म्हणालो, "जा रे सुदाम, आमच्या घरी जा, बहीण जेवायला वाट बघत असेल." तो पोरासारखा हसत गेला.

लोक पास झाल्यावर पेढे वाटतात. बायकोनं पातेलंभर घुगऱ्या शिजवल्या. बारशाला वाटतात तशा, मीठ-मिरची लावून. मी त्या शाळेत नेल्या. बाईंनी मूठभर घेतल्या, त्यांच्या वडिलांनी पेपरचा द्रोण करून घेतल्या.

"बाळाचं नाव काय ठेवलं?" बाईंनी विचारलं.

"साडेचार," मी म्हणालो. "पण पाच म्हणून हाक मारायची."

मी पुढं रिटायर होईपर्यंत तेच काम केलं. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक जॉबरला एवढंच सांगितलं. उत्तर बरोबर की चूक ते मागाहून पाहा. ते चाकाचं आहे की दुधाचं, ते आधी विचारा.