आबा काट्यावर उभे आहेत

आमच्या आबांचं, म्हणजे आईच्या वडिलांचं, शेवटचं वजन साठ किलो भरलं. ते वारल्यानंतर दोन महिन्यांनी!

कासुर्डीला हायवेला लागून मामाचा वजनकाटा होता. उसाचे ट्रॅक्टर, कांद्याचे ट्रक, जे येईल ते काट्यावर उभं राहायचं आणि शेजारच्या पत्र्याच्या केबिनमधला कंप्युटर पावती छापायचा. कंप्युटर जुना, त्यातला प्रोग्राम त्याहून जुना, आणि तो लिहिणारा गृहस्थ दुबईला गेलेला (की जेलमध्ये, यावर घरात दुमत होतं). मी शिरूरहून पुण्याला जाऊन कंप्युटरचा कोर्स केलेला, त्यामुळे त्या मशीनचा मी सर्वेसर्वा! मी त्याला ‘सर्व्हर’ म्हणायचो. माझा पहिला सल्ला घ्या: घरात एकच कंप्युटर असेल तर त्याला सर्व्हर म्हणावं. लोक हात लावायला भितात.

आता जरा घरातलं सांगतो. विहिरीजवळचं वावर आईला द्यायचं, असं आबा जिवंतपणी चारचौघांत बोलले होते. मामाही त्या चारचौघांत होता. पण आबांचं चौदावं उरकलं आणि मामाची स्मरणशक्ती एकदम गेली. उलट आईला त्याचेच निरोप सुरू झाले, “विमल, तलाठ्याकडं येऊन हक्कसोडाची तेवढी सही करून जा.” मागावं तर माहेर तुटतं आणि न मागावं तर वावर जातं, अशा पेचात आई अडकली. भांडायचा तिचा स्वभाव नव्हता. पण त्या वावरावर तिचा फार जीव होता, लहानपणी तिथली मोट तिनं हाकलेली. ती नुसती झुरत होती आणि मला ते बघवत नव्हतं.

अशात मामाचा फोन आला.

“संज्या, आत्ताच्या आत्ता ये. विमललाबी आण.”

“काय झालं मामा?”

“आबा आल्यात.”

“कुठले आबा?”

“अरं, आपलं!” आणि फोन ठेवला.

आम्ही न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून कासुर्डीला पोचलो. केबिनमध्ये मॉनिटरवर लिंबू-मिरची, प्रिंटरला हार, आणि कीबोर्डवर मूठभर अंगारा! (दुसरा सल्ला: कीबोर्डला अंगारा लावू नये. स्पेसचं बटण कायमचं बसतं.) मामी दारातच उभी होती. आत पाऊल टाकायला तयार नव्हती.

“दुपारची लाईट आली की आबा येत्यात बघ,” ती कुजबुजली. “गाडी नसती, माणूस नसतं. काटा मोकळा. आन् तरी पावती निघती!”

“मामी, असं काही नसतं,” मी म्हणालो. कोर्स केला होता ना!

लोडशेडिंग चालू होतं. पंखा बंद, पत्रा तापलेला, हायवेवरसुद्धा एकाएकी गाडी दिसेना. उसाचे दोन-तीन ट्रॅक्टर तेवढे लाईटची वाट बघत काट्यामागे उभे होते. काट्याच्या लोखंडी पाट्यावर एक कुत्रं झोपलं होतं. ते अचानक उठलं, रिकाम्या पाट्याकडे बघत गुरगुरलं आणि शेपूट घालून निघून गेलं. तेवढ्यात लाईट आली. मॉनिटर हिरवा झाला. कुणीही हात लावला नव्हता आणि प्रिंटर करकरायला लागला. हळूहळू कागद वर आला. गाडी: आबा. माल: स्वतः. वजन: साठ किलो.

मी पावती दोनदा वाचली. आबांचं वजन साठच होतं!

मामा पायातल्या चपला काढून काट्यापुढे गेला आणि हात जोडून उभा राहिला. “आबा, चुकलं माझं! विहिरीजवळचं वावर विमलला देतो. उद्याच तलाठ्याकडं जातो. पर आता उतरा की खाली, मागं उसाच्या गाड्या थांबल्यात!”

आईनं डोळ्याला पदर लावला. मामी रडली, ट्रॅक्टरवाल्यानं टोपी काढली. वावर मिळालं होतं! इथे मी गप्प घरी जायला हवं होतं. पण सर्व्हर माझा, आणि त्यात माझ्या परवानगीशिवाय आबा शिरले कसे? मी मशीन चालू होताना जी फाइल चालते ती उघडली, आणि शेवटची ओळ बघून उडालोच. ती मीच लिहिलेली!

काटा बसवला तेव्हा चाचणीसाठी पहिले आबाच हौसेनं पाट्यावर चढले होते. पावती नंबर एक त्यांची. गेल्या आठवड्यात काट्यावर आलो तेव्हा मामानं तक्रार केली, लाईट जाऊन आली की प्रिंटर रुसतो. म्हणून मी मशीनला शिकवून ठेवलं, की जाग आली की आधी पावती नंबर एक पुन्हा छापून प्रिंटर तपासायचा. ती पावती कुणाची, हे साफ विसरलो.

“मामा! भूत नाही!” मी ओरडत बाहेर आलो.

आईनं दंडाला चिमटा काढला. मला वाटलं, कौतुकानं.

“संज्या, पोटात दुखतंय माझ्या. चल घरी.”

“थांब गं आई, दाखवतो!” आणि मी मशीन दोनदा बंद-चालू केलं. आबा दोनदा आले.

मामानं दोन्ही पावत्या उन्हात धरून पाहिल्या. “म्हंजी आबा आलंच न्हवतं?”

“नाही!”

“आन् कुणी काय मागितलंबी न्हाई?”

“कुणीच नाही!”

मामाच्या तोंडावर रक्त परत आलं. त्यानं मॉनिटरवरचं लिंबू सोडवून मामीच्या हातात दिलं. “सरबत कर गं. बस विमल, सरबत घे. मग सहीला कवा येतीस?”

परतीच्या एसटीत आई खिडकीबाहेर बघत बसली. न्हावरा मागे पडलं. शेवटी मीच विचारलं, “आई, पण दोष बरोबर शोधला ना मी?”

“व्हय बाबा,” आई म्हणाली. “चालत्या मशीनला हात लावू नये, एवढंच तेवढं तुझ्या कोर्सात शिकवलं न्हाई.”