समुद्राची राखण

आमच्या मामांइतका काळजी करणारा माणूस भंडारा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि झालाच असेल तर तो काळजीनंच लवकर गेला असेल. लग्नात सगळे पंगतीला बसले की मामा मांडवाचे खांब हलवून पाहत. एस.टी.त चढले की आधी ड्रायव्हरजवळ जात आणि "बाप्पा, बिरेक पाहून घेतले ना?" असं इतक्या मायेनं विचारत, की त्या बिचाऱ्याला रागावताही येत नसे. संध्याकाळच्या गाडीसाठी ते सकाळीच वरठीच्या फलाटावर शिदोरी सोडून बसत, आणि गाडी अगदी वेळेवर आली तर "आज लवकर काहून आली? काही झालं त नाही?" म्हणून घाबरत. मामी म्हणायच्या, "यायले कायची काळजी नसली, त त्याचीच काळजी लागते."

पण या काळजीला गावात एक मानाची जागा होती. आमचं गाव तलावाकाठचं, सारा धान त्या पाण्यावर. पावसाळ्यात तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, राखण बसे आणि ती मामांकडे असे. पाण्याच्या काठाशी बांबूची काडी ठोकायची, तिच्यावर नजर ठेवायची, आणि काडी बुडाली की गाव उठवायचं. लहानपणी पाळ फुटून उभा धान आणि स्वतःचं घर वाहून जाताना त्यांनी पाहिलं होतं. उन्हाळ्यात त्यांना हसणारे लोक पावसाळ्यात त्यांच्याच भरवशावर घोरत पडत.

अशा माणसाची एकुलती एक लेक शकू नेमकी समुद्राकाठी पडली. जावई चिखल्याच्या खाणीत कारकून. तिथलं मँगनीज विशाखापट्टणमच्या बंदरात जहाजावर चढे, म्हणून त्यांची बदली तिकडे झाली. दिवाळीनंतर शकूला पोचवायला मामा निघाले आणि सोबतीला मला घेतलं. निघतानाच त्यांनी बजावलं, "जागा पाहीन. पटली त ठेवीन, नाही त पोरीले वापस आनीन." मी हसलो. शकू हसली नाही. भंडाऱ्याच्या पितळी गुंड-घागरींसकट तिचा नवा संसार सोबतच्या ट्रंकेत होता, आणि बाप बोलतो तसं करतो हे तिला ठाऊक होतं.

आम्ही विशाखापट्टणमला पोचलो, पण परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. मधला एक दिवस मोकळा मिळाला, म्हणून जावई आम्हाला शहर दाखवायला घेऊन निघाले. दीपगृह दाखवलं, तर मामा "हे पडलं त कोन्या बाजूले पडन?" याचा अंदाज घेत बसले. शहाळं प्यायला दिलं, तर ते नारळाच्या झाडाखालून दूर जाऊन उन्हात उभे राहून प्यायले. दुपारी आम्ही समुद्रावर पोचलो. मामा चपला हातात घेऊन बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग जावयांना म्हणाले, "याची पाळ कुठं हाये?"

"मामाजी, समुद्राले पाळ नसते."

"मंग जास्तीचं पानी जाते कुठं?"

मामांनी कुठूनसा बांबूचा तुकडा पैदा केला आणि दगडानं वाळूत खोल ठोकला. आम्ही जेवून परत आलो, तर काडी गायब! मामांनी धोतर खोचलं आणि "पानी चढून राहिलं! पोट्टे उचला रे, पोट्टे!" असं ओरडत किनाऱ्यावरून धावत सुटले. जाळं विणणाऱ्या एका म्हाताऱ्या कोळ्याला त्यातलं अक्षरही कळलं नाही, पण त्यानं मामांना हाताला धरून बसवलं आणि तांब्याभर पाणी पाजलं. श्वास जागेवर येताच मामांनी शकूचं मनगट धरलं.

"चाल. टरंक उचल. आजच निंगू."

जावयांनी भरती-ओहोटी समजावून पाहिली. "तुमी त कामावर जान," मामा म्हणाले, "राखन कोन करन?" शकूचा चेहरा उतरला, कारण मामांचा हात सुटायला तयार नव्हता.

"बाबा, संध्याकाळवरी थांबा," शकू म्हणाली, "मंग तुमी म्हनान तसं."

आम्ही चौघं वाळूत बसलो. ऊन उतरलं तसं पाणीही उतरत गेलं, आणि काडीचं टोक दिसलं. मग सबंध काडी, थोडी कललेली. मामा उठून गेले, काडीला हात लावून आले आणि पुन्हा शकूचं मनगट धरून बसले.

"हे रोजच होते?"

"रोज," जावई म्हणाले.

"मंग रोज पाहा लागन."

"मी पाहीन ना बाबा. तुमच्यासंगं पाळीवर बसलीच आहो मी."

मामांनी तिचं मनगट सोडलं. तिला घेऊन ते काडीपाशी गेले, ती सरळ केली, आणि किती खोल ठोकायची ते पुन्हा दाखवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच निघालो, तेव्हा मामांचं गाडीचे ब्रेक विचारायचं राहूनच गेलं.

पुढे गावात ते सांगत, "आमची शकू समुद्र राखते." लोक हसत. हसणाऱ्यांत मीही होतो.

मामा गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी शकूकडे गेलो. संध्याकाळी ती मला समुद्रावर घेऊन गेली. वाळूत बांबूची काडी ठोकलेली होती. मला मामांची फार आठवण आली.

"अजून ठोकतेस?" मी विचारलं.

"भरतीचं मले आता सारं समजते रे दादा," ती म्हणाली. "पन काडी नसली त बाबा घाबरतीन."