दहा पावलांवरचं बदक

माझा आवाज मोठा आहे आणि राग त्याच्याही आधी पोहोचतो. जर्मनीत, एर्लांगेनमध्ये मी वैद्यकीय यंत्रांचे सुटे भाग तपासतो. चूक दिसली की तिच्यावर बोट ठेवायचं, याचाच मला पगार मिळतो. घरी आल्यावरही माझी ड्यूटी संपत नाही, असं बायको म्हणते.

मुलीच्या हट्टापायी आम्ही लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं. ही बया शिकारी कुत्र्यांच्या वंशातली, म्हणून नवशिक्या कुत्र्यांसाठी असते ती शिकारी चाचणी द्यायचं ठरलं. बंदुकीचा बार ऐकून बिथरायचं नाही, गवतात ठेवलेला मेलेला ससा हुडकायचा, तळ्यात टाकलेलं बदक पोहत जाऊन आणायचं आणि मालकाच्या हातात द्यायचं. हातातच, वाटेत टाकून चालत नाही. त्यासाठी दर शनिवारी मुलगी आणि मी तिला घेऊन गावाबाहेरच्या कुरणावर जायला लागलो.

खरं सांगायचं तर कुत्रीपेक्षा त्या शनिवारांची गरज मला जास्त होती. मुलगी चौदा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते, आणि हल्ली तेही फक्त आईला. एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. गणिताच्या पेपरवर पालकांची सही हवी होती आणि ती आईला जर्मनमध्ये सांगत होती, "तूच कर ना. बाबाला नको दाखवू." मी बूट हातात घेऊन दारातच उभा राहिलो. फार लागलं ते मला.

इकडे कुरणावर वेगळंच रडगाणं. सरावासाठी हिरव्या कापडाची भरीव पिशवी असते, तिला डमी म्हणतात. आमची बया वाऱ्यासारखी धावायची, डमी बरोबर शोधायची, तोंडात धरून झोकात परत निघायची आणि माझ्यापासून दहा पावलांवर थांबायची. डमी खाली टाकायची आणि माझ्याकडे बघत राहायची.

"आण की इकडे!" मी ओरडायचो. मग ती आणखी दोन पावलं मागे जायची.

शिकवायला सत्तरीच्या एक बाई होत्या, जुन्या शिकारी, गळ्यात दोन शिट्ट्या. तीन शनिवार त्यांनी नुसतं पाहिलं. चौथ्या शनिवारी मला विचारलं, "लहान असताना घरात ही काय काय उचलून आणायची तुमच्याकडे?"

काय नव्हतं आणलं? मोजे, रिमोट, उशी. एकदा तर माझी पूजा चालू असताना माझीच कोल्हापुरी चप्पल तोंडात धरून ही थेट देव्हाऱ्यासमोर येऊन उभी राहिली होती, शेपटी हलवत. मी असा ओरडलो की तिने जागीच मुतलं. मग त्यावरून पुन्हा ओरडलो. देव्हारा म्हणजे काय आणि तिथे चप्पल का चालत नाही, हे जर्मनमध्ये समजावताना माझी त्रेधा उडाली, पण बाईंना हवं ते कळलं होतं.

"आल्झो, म्हणजे असं आहे तर," त्या म्हणाल्या, "तिने तुम्हाला घरातली सगळ्यात छान वस्तू आणून दिली आणि तुम्ही तिला घाबरवलंत. काय आणलंय ते नंतर बघा. आणलंय, याचा आनंद आधी. आणि हिसकावू नका. तिला थोडा वेळ धरू द्या, कौतुक करा, मग घ्या."

मुलगी शेजारीच पट्टा घेऊन उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग गवताकडे पाहू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून घरात नवा कायदा लागू झाला. कुत्रीने काहीही आणलं की दातओठ न खाता म्हणायचं, "शाबास!" पहिल्या आठवड्यात तिने काहीच आणलं नाही. मग एक मोजा आला. मग लाटणं आलं. मी लाटण्यासकट तिला कुरवाळत बसलो.

"लाटणं पळवलं तर शाबास," बायको म्हणाली, "आणि माझ्या आमटीत मीठ कमी पडलं तर?"

त्या रात्री मी आमटी दोनदा मागून घेतली.

पुढे बाईंनी सरावाला गोठवलेली दोन बदकं दिली. "माझ्या नारळाच्या चवाशेजारी? स्वप्नातसुद्धा नाही," बायकोने निक्षून सांगितलं. म्हणून तळघरात जुना फ्रीझर आणून ठेवावा लागला. ज्या घरात कधी अंडं आलं नाही अशा घरात मी वाढलो. पहिल्यांदा ते बदक मानेला धरून उचललं तेव्हा माझा चेहरा बघून मुलगी पोट धरून हसली. कितीतरी महिन्यांनी ती माझ्यासमोर अशी हसत होती. मी बदक आणखी थोडा वेळ धरून ठेवलं.

चाचणी ऑक्टोबरात होती, एका थंडगार तळ्यावर. बार झाला, बया हलली नाही. ससाही आणला. शेवटी बदक. ती पोहत गेली, बदक घेऊन काठावर आली, अंग झाडलं आणि दहा पावलांवर थांबली. तीन परीक्षक बघत होते. माझ्या घशात तो जुना आवाज येऊन बसला. तो गिळला, दोन पावलं मागे सरकलो आणि हळूच म्हणालो, "शाबास गं, शाबास." ती आली. बदक माझ्या तळव्यावर टेकवलं तरी मी ते लगेच घेतलं नाही. बेतास बात गुण मिळाले, पण पास झाली. मी सगळ्यांसमोर रडलो, आणि त्याची लाजही वाटली नाही.

गाडीपाशी कुत्रीला पुसत होतो तेव्हा मुलगी दप्तर घेऊन आली आणि थोडी लांबच थांबली. मग जवळ येऊन तिने घडी घातलेला कागद उलगडून पुढे केला. गणिताचा नवा पेपर होता. इथे एक म्हणजे उत्तम आणि सहा म्हणजे सगळ्यात वाईट. तिला पाच होते. पहिल्या गणितातली चूक मला लगेच दिसली.

तिने कागदाचं दुसरं टोक सोडलं नव्हतं. मीही ओढला नाही.

"बरं केलंस आणलास ते," मी म्हणालो.

"बाबा, पाच आहेत," ती म्हणाली. मराठीत.

"दिसलं मला."

मग तिने कागद सोडला आणि पेन दिलं. मी गाडीच्या मागच्या दारावर पेपर टेकवून सही करत होतो, तेवढ्यात बयेने ओलं नाक त्यावर घासलं आणि सही पसरली. हा डाग कसला, हे शाळेत काय सांगायचं, ते आम्ही दोघांनी घरी येईपर्यंत गाडीत ठरवलं.