आईच्या बांगड्यांचं माप

मैत्रिणींनो, या ग्रुपमध्ये आईच्या ओळखीचं कुणी नाही, म्हणून इथेच सांगतेय. पुढच्या महिन्यात मी आणि रोहन जॉर्जियाला जाऊन लग्न करतोय. दोघंच. घरी सांगितलंय, ऑफिसचं काम आहे.

आज दुपारी पनवेलच्या बाजारात नवरीचा हिरवा चुडा घ्यायला गेले. बांगड्यांच्या दुकानातल्या मावशींना म्हटलं, "डब्यात द्या, प्रवासात न्यायचाय."

"चुडा कोन डब्यात नेतं गो? हातात भरतात."

मला खोटं बोलता येईना. सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ओरडतील. त्यांनी माझा हात दाबून माप बघितलं आणि एकेक बांगडी कागदात गुंडाळायला घेतली.

मग म्हणाल्या, "एकट्या नवरीला नाय भरत. आईला पन भरतात. तिचं माप काय?"

मला माहीतच नव्हतं.

आता घरी बसलेय. आई समोर मेथी निवडतेय, दोन्ही हातांत जुन्या काचेच्या बांगड्या. मी माप विचारलं, की ती विचारणार, "कशाला गं?"

तुम्ही काय सांगितलं असतं?