दिल्लीच्या नंबरांची वही

माफ करणारी माणसं वेगळी असतात. मी त्यातली न्हाई. ज्या साहेबानं मला चारचौघांत उठवून लावलं, त्याची मी पुरती जिरवली आणि त्याचा मला आजही आनंद आहे. बाकी जे झालं ते पुढं सांगते.

तेव्हा मी लातूरला एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून होते. आमच्याकडचे प्रस्ताव दिल्लीला जायचे आणि तिथंच मुरायचे. इथले साहेबलोक आपला जावक नंबर टाकून मोकळे व्हायचे. दिल्लीत त्या नंबराला कुत्रं विचारत नाही. तिथं कागद पोचला की ते त्यांचा डायरी नंबर देतात, आणि कागद दुसऱ्या विभागात गेला की परत नवा नंबर. तो सांगितला तरच पलीकडचा माणूस फोनवर तोंड उघडतो. हे मला फोन करकरून आणि बोलणी खाऊन कळलं. मग लेकीच्या शाळेची उरलेली दोनशेपानी वही घेतली आणि एकेका प्रस्तावाचा माग तिच्यात लिहीत गेले.

राज्य सरकारनं आपल्या भागासाठी दिल्लीशी संपर्क ठेवणारं कार्यालय काढावं, ही टिपणीही माझ्याच हातची. तीनदा परत आली, चौथ्यांदा मंजूर झाली. कार्यालय नांदेडला दिलं म्हणून लातूरवाल्यांनी महिनाभर तोंडं वाकडी केली. मला काय, नांदेड तर नांदेड.

माझा स्वार्थ होता, लपवत न्हाई. माझी थोरली जाऊ जळकोटला राहायची. तिला आम्ही अक्का म्हणायचो. तिच्या किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून दोनदा एस्टीनं लातूरला डायलिसिसला यायची आणि परत जाताना खिडकीला डोकं टेकून ओकायची. जळकोटला डायलिसिसचं केंद्र व्हावं, हा प्रस्ताव माझ्या वहीत पहिल्या पानावर होता. नांदेडच्या खुर्चीत बसले की तो ओढूनच आणते, असा शब्द मी तिला दिला होता.

नांदेडला पहिली बैठक झाली. नव्या साहेबांनी नेमणुकांची यादी वाचली आणि माझ्या नावावर काट मारली. म्हणाले, "बाई, इथं दिल्लीवाल्यांशी बोलायचंय. तुमचं ते हाव आन् न्हाई ऐकून ते फोन ठेवतील." सगळे हसले. कोण कोण हसलं ते मला अजून ध्यानात आहे. माझी बदली हिमायतनगरला.

तरी दिल्लीच्या कागदांचा चार्ज त्यांच्याकडं देताना मी वही पुढं केली. म्हटलं, "साहेब, ही यादीत घ्या. हिच्याबिगर कागद सापडायचे न्हाईत." त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. चार्जच्या यादीवर लाल पेननं लिहिलं, 'खाजगी वही, कार्यालयाशी संबंध नाही', आणि खाली झोकात सही ठोकली. मी त्या पानाची झेरॉक्स काढली, वही पिशवीत घातली आणि हिमायतनगरची एस्टी धरली.

चार महिन्यांनी नांदेडच्या कारकुनाचा फोन आला. जळकोटच्या प्रस्तावात दिल्लीनं त्रुटी काढली होती, पत्रावर नुसता आपलाच जावक नंबर होता, पंधरा दिवसांत उत्तर हवं होतं, पण फाइल कुठल्या विभागात आहे ते कुणी सांगत नव्हतं. नंबर हवा होता. मी म्हटलं, "ती खाजगी वही हाय. साहेबांना लेखी मागायला सांगा."

आठव्या दिवशी साहेबांचाच फोन. बाईची एकदम ताई झाले मी! "ताई, आपल्याच लोकांचं काम आहे हो." मी म्हटलं, "दोन ओळी लिहून द्या. 'वही कार्यालयाला लागते, माझा शेरा चुकला,' असं. सही-शिक्क्यानिशी." त्यांनी फोन आपटला. आपटू दे!

मुदत मला पाठ होती. प्रस्ताव कुणाचा, तेही पाठ होतं. रोज कॅलेंडर बघायचे आणि म्हणायचे, आज वाकतोय, उद्या वाकतोय. पण नंबर दिला न्हाई. अक्काचा चेहरा डोळ्यांपुढं आला की त्याच्यापुढं ते हसणारे चेहरे येऊन उभे राहायचे.

सतराव्या दिवशी साहेब स्वतः गाडी घेऊन हिमायतनगरला आले. मी त्यांना बाहेरच्या बाकड्यावर बसवलं. सावकाश डबा खाल्ला, हात धुतले, मग आत घेतलं. सगळ्यांसमोर त्यांनी पत्र दिलं आणि "चूक झाली" म्हणाले. काळीज असं थंड झालं की काय सांगू.

नंबर काढला आणि मीच दिल्लीला फोन लावला. पलीकडच्या माणसानं मिनिटभरात फाइल शोधली. म्हणाला, "वो तो परसों बंद हो गया, मॅडम. अब अगले साल भेजिए."

साहेबांवर ठपका आला, त्यांची उचलबांगडी झाली. मला मानानं नांदेडला बोलावलं.

जळकोटला गेले तर अक्का ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. "तुला छळणारा त्यो मुडदा गेला म्हनं? लई ब्येस झालं. त्याच्यापायीच माझं केंद्र बुडालं."

मी हाव म्हटलं.

"तू गेलीस न्हवं आता तिथं. म्होरल्या साली हुईल की."

त्यालाही मी हाव म्हटलं आणि तिच्यासोबत शेंगा फोडायला बसले.

पुढल्या साली केंद्र झालं. मीच ओढून आणलं. उद्घाटनाला माझा सत्कार केला, शाल दिली. अक्काला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.

साहेबांच्या माफीचं पत्र कपाटात आहे. फाडावं म्हणून कितीदा काढलं. दर वेळी वाचते, बरं वाटतं, आणि परत ठेवते.